लांडगी हाकेला आली

आबा,

लांडगा हाकेला येत नाही, असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचात. तुम्ही चुकलात. या संक्रांतीनंतर मी हाक मारली आणि लांडगी आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगायचं आहे. आता तुम्हाला मध्येच उठून जाताही येणार नाही.

तुमची हाक म्हणजे जखमी सशाचं रडणं. दोन बोटं ओठांवर दाबून तुम्ही ते असं काढायचात की चुलीपुढं बसलेली आई कानांवर हात ठेवायची. एरंडोलकडच्या टेकड्यांत शहरातले बंदूकवाले पाहुणे यायचे, ते त्या हाकेसाठीच. अजून दिसतं, मी तुमच्या मागं बाभळीआड बसले आहे आणि तुम्ही कुजबुजता आहात, "कोल्हा भुक्या, पयत येस. खोकड शानी, वारा दखीसन येस. बिबट्या कव्हय ऊना ते समजस नही. आन् लांडगा? तो येसच नही. दूरथून दखस नि निंघी जास." तसंच व्हायचं. बिबट्या कधी आला ते कळायचं नाही, लांडगा लांबूनच बघून निघून जायचा. कोल्हा सशाच्या आशेनं सरळ धावत यायचा आणि गोळी खायचा. एकदा तो धावत येताना मी उठून जोरात टाळ्या वाजवल्या. कोल्हा वळला, वाचला. पाहुणे हसले, आणि तुम्ही त्यांच्यादेखत माझ्या कानाखाली लगावलीत. "हाई आंडेरनं काम नही," म्हणालात. मुलीच्या जातीचं काम नाही. त्यानंतर तुम्ही मला कधी रानात नेलं नाहीत.

मी ती हाक शिकलेच. कपाशीत एकटी असताना, ओठ सुजेपर्यंत. तुम्हाला कळू दिलं नाही, पण लाजून नव्हे. तुमची परवानगी मला नको होती.

आता मी पारोळ्याला गुरांच्या दवाखान्यात काम करते. यंदा काकांच्या शेळ्या एकामागून एक जायला लागल्या. तुमच्या या धाकट्या भावानं मला कपाशीत हाक मारताना एकदा ऐकलं होतं; तो माझ्या दारात येऊन म्हणाला, "बिबट्याच शे तो. भाऊनी हाक आते तुनाच गळामा शे. बलाव त्याले." मी म्हटलं, "बलावसू. काय शे ते दखू. पन बंदूक नही." त्यांनी देवीची शपथ घेतली.

दुपार कलत होती. दादर ज्वारी कणसावर आली होती. नाल्याच्या काठाला आम्ही दोघंच, आणि काकांच्या शेजारी गोणपाटाची गुंडाळी. मी हाक मारली. कोल्हा असता तर लगेच आला असता. खूप वेळ काहीच हललं नाही. पुन्हा मारली. मग बांधावर ती उभी राहिली, करड्या अंगाची, हडकलेली. उभी राहून बघत होती, अगदी तुम्ही सांगायचात तशी. पण निघून गेली नाही. एकेक पाय टाकत खाली उतरली. तिच्या पोटाखाली दुधानं भरलेले सड लोंबत होते. कुठंतरी बिळात पिल्लं होती, म्हणून ती आली. तुम्ही पाहुण्यांना शिकवलंत ते सगळं भुकेचं गणित होतं. पिल्लं असलेली आई त्यात कधी बसलीच नाही.

गोणपाटातून बंदुकीची नळी बाहेर आली तेव्हा मी उठले. ओरडत, हात फेकत, नळीच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"सरक! सरक म्हनस ना!"

"मी सरकाव नही, काका."

त्यांचं बोट घोड्यावर होतं. मी जागची हलले नाही. मागं वळून पाहिलं तर बांध रिकामा होता.

त्यांच्या शेळ्यांसाठी मी आणि माझ्या नवऱ्यानं तारेच्या जाळीचा पक्का वाडा करून दिला. तेव्हापासून एकही गेली नाही. तरी काका माझ्याशी बोलत नाहीत. गावात सांगत फिरतात, "भाऊनी आंडेर लांडगानी व्हयनी." भावाची मुलगी लांडग्याची झाली, असं. सांगू देत. बाजारात मला ऐकू जाईल असं कुणी ते म्हणतं, तेव्हा मी मान खाली घालत नाही. तुम्ही असतात तर पुन्हा मारलं असतंत, आणि मी पुन्हा उठले असते.

हे कुठं पाठवायचं नाही. लिहून झालं की चुलीत जाईल. फक्त एक सांगते. ती बांधावरून खाली उतरायला लागली, त्या क्षणी मला ना काका आठवले, ना त्यांची शपथ. मी नकळत बाजूला वळून कुजबुजले, "आबा, दखा, ऊनी."