हिरव्या रविवारचा मेपल

पोल्टावा, सोमवार

प्रिय आई,

तुझा तिमिश खुशाल आहे आणि वेळेवर जेवतो, हे आधी वाच, मग बाकीचं. तुझा गुडघा कसा आहे?

पालिकेच्या बागखात्यातली माझी नोकरी अजून कच्चीच आहे. शनिवारी साहेबांनी मला चौकातल्या मेपलखाली उभं केलं आणि बजावलं, "उद्या हिरवा रविवार. सणासाठी दाराला लावायला गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका फांद्या तोडायला येतील. एक जरी फांदी गेली, तर तूही गेलास."

म्हाताऱ्या आल्याच. मी नियम सांगितला. त्यांच्यातल्या पारास्का आजी म्हणाल्या, "नियम पाठ आहे रे बाळा. पण तुझ्या आईच्या दाराला यंदा मेपल कोण लावणार?"

आई, मग मीच करवत घेऊन झाडावर चढलो. सालीला इजा होऊ न देता नीट कापत होतो, तेवढ्यात खाली साहेब!

"हे काय चाललंय?"

"वाऱ्यानं फांद्या पडल्या हो," पारास्का आजी म्हणाल्या. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"आणि हा वर काय करतोय?"

"वाऱ्याला आवरतोय."

मी डोळे मिटून घेतले. मग साहेब हळूच म्हणाले, "वाऱ्याला म्हणावं, माझ्या बायकोसाठीही दोन पाड."

नोकरी टिकली असं वाटतं. तू स्वतः शिडीवर चढली नाहीस ना? खरं ते कळव.

तुझे दोन्ही हात कपाळाला लावून,
तिमिश