उंदरांची डॉक्टरीण

सर, मी तुमच्या उंदरांना कधी मारलं नाही. आधी एवढं लिहून टाकते, मग बाकीचं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी मासळी निवडता निवडता मध्येच हे वर येतं आणि माझा हात थांबतो. मला थांबलेला हात चालत नाही, म्हणून बसलेय लिहायला. अक्षर वाकडं आहे, पण ते तुम्हीच गिरवून घेतलेलं, तेव्हा नाक मुरडायचं नाही.

तारापूरकडे वीजकेंद्राच्या बांधकामाचे सुरुंग उडायचे ती वर्षं. बोईसर स्टेशनामागे दोन खोल्या घेऊन तुम्ही मुंबईहून पिंजरे आणलेत, आणि ते धुवायला मी मुरब्याहून एसटीने यायची. आमच्या घरी उंदीर म्हणजे सुके बोंबील खाणारा, जाळी कुरतडणारा वैरी. दिसला की काठी. त्यासाठीच तर मांजर पाळलेलं. आणि इथे त्यांना गहू, चणे, ताजं पाणी! पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, यांचं करायचं काय?" तुम्ही म्हणालात, "यांची भीती मोजायची." मी तोंडावर हसले. "भीती काय तांदूळ हाय, मोजायला?" तुम्ही रागावला नाहीत. मला त्या मोठ्या लाकडी पेटीजवळ बसवलंत. तळाला चौकोन आखलेले. उंदीर मधोमध सोडायचा आणि घड्याळ बघायचं. निवांत असला तर तो चौकोन ओलांडत हिंडतो. घाबरला तर कडेला चिकटून दगड होतो आणि लेंड्या टाकतो. चौकोन किती, लेंड्या किती, वहीत लिहायचं. एका रांगेतल्या उंदरांना तुम्ही रोज हातात घेऊन कुरवाळायचात, दुसरीला नाही. कुरवाळलेले कमी घाबरतात का, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या हातात त्यासाठी पेन्सिल दिलीत. मला 'तुम्ही' म्हणणारे तुम्ही पहिले. आमच्याकडे मुंबईची माणसं कोळणीला 'ए' म्हणतात.

मग दिवाळीला तुम्ही तुमचा जुना पांढरा कोट मला दिलात. म्हणालात, "हा इथेच खुंटीला ठेवायचा, बाई. घरी न्यायचा नाही." मी मान हलवली, आणि त्याच संध्याकाळी तो अंगात घालून एसटीत चढले. पाट्या घेऊन बसलेल्या आमच्या बाया ओरडल्या, "आली गो आली, उंदरांची डॉक्टरीण! आमच्या बोंबलांना पण एक सुई मार!" हसत होत्या, पण सरकून जागाही दिली. मग काय, रोज तसंच जायचं, तसंच यायचं; तुम्हाला वाटायचं, खुंटीवरचाच घातलाय.

तेव्हापासून तुमचे उंदीर बिघडले. पेटीत सोडला की दगड. कुरवाळलेला असो, नसो, सगळे सारखे. वहीत नुसत्या लेंड्याच लेंड्या. तुम्ही सुरुंगांना दोष दिलात, खिडक्यांना गोणपाट लावलंत. मग चणे बदललेत. मग एक दिवस मी पिंजऱ्यात हात घातला आणि सगळी रांग मागच्या जाळीला जाऊन चिकटली. तुम्ही बघत होतात. "तू यांना मारतेस?" म्हणालात. तू. मी कोणाचं ऐकून घेणारी नाही. "मारायचं असतं तर एक पण शिल्लक नसता," म्हटलं, आणि बादली आपटून निघाले.

दुसऱ्या दिवशी रागाने कोट घरीच ठेवला. नको तुमचा कोट. आणि उंदीर पेटीत कसे हिंडले! तुम्ही चौकोन मोजलेत, वही मिटलीत आणि हळूच म्हणालात, "बघ. मारलं नाही की कसे फिरतात." माझ्या अंगाची आग झाली. घरी गेले, तर घडी घातलेल्या कोटावर मांजर पसरलेलं. रोजच पसरायचं, मला काय त्याचं? कोट हातात घेतला. केसच केस. मांजराचा वास आला, आणि उंदीर कशाला भितात ते कळलं.

सकाळी सांगायचं ठरवून आले. तुम्ही टेबलावर बरणी ठेवली होती, आत जीव घेणाऱ्या औषधाचा कापूस. "हे मार खाऊन बिघडलेत, कामाचे नाहीत. नवे आणू," म्हणालात. एकेक करून उंदीर आत घालायला लागलात. झाकण धरायला मला सांगितलंत. मी धरलं. तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते. पण उघडायचं म्हणजे कोट घरी नेला हे सांगायचं, आणि मग कोट जायचा. एसटीत भांडणारी, कंडक्टरला खाली उतरवणारी मी, पण झाकण धरून उभी राहिले तुमच्या पेटीतल्या उंदरासारखी. काठीने शंभर मारले असतील मी, त्यांचं काही वाटलं नाही. हे मात्र अजून हिंडतात.

तुम्ही मला काढलं नाहीत. ते जास्त लागलं. नव्या उंदरांपुढे मी कोट घालत नव्हते, ते हिंडायचे; आणि कोणी बघायला आलं की सांगायचात, "आधी मारायची, आता सुधारली." आणि मी चहा द्यायची. पुढे तुम्ही पिंजरे घेऊन मुंबईला गेलात, आणि वर्षभरात त्या दोन खोल्यांच्या मालकाने तुम्ही वारल्याचं सांगितलं. तोवर मी कोट धुऊन ठेवला होता, की तो घेऊन येईन आणि सगळं सांगेन.

हे पत्र टाकायचं कुठे? कोटाच्याच खिशात ठेवते. एक राहिलं. त्या पहिल्या संध्याकाळी एसटीत मासवणची एक म्हातारी माझा कोट बघून उठून आली. मनगट पुढे केलं, म्हणाली, "बाय, नाडी बघ गो." मी डॉक्टर नाही, हे सांगू शकत होते, सर. पण मी बघितली. बराच वेळ धरून बसले, आणि म्हटलं, "बरी हाय."