एकशे बारा सह्या, पहिली माझी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण ही (माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचतेय) म्हणाली, निदान ताईंना तरी खरं कळवा. तर खरं असं की मला तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही.

आपल्या बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेवर चार टॉवर होणार, तीनशे वीस घरांचे, हे तुला ठाऊक आहेच. आपल्याकडे पाणी दिवसातून चाळीस मिनिटं. गटार दर पंधरवड्याला तुंबतं. गल्लीत समोरून टँकर आला की आपली गाडी पार कोपऱ्यापर्यंत मागे न्यावी लागते. त्यात आणखी तीनशे वीस घरं! मी असा पेटलो की विचारू नकोस. विरोध समितीचा अध्यक्ष झालो (दुसरं कोणी तयार नव्हतं, हे तुझ्यापाशी कबूल करतो), जिन्यात उभं राहून भाषणं ठोकली. तू फोनवर विचारलंस, माझ्याही मालकीची वरच्या मजल्यावरची जागा आहे ना तिथे, मी काही करू का? तर मी म्हणालो, बाहेर राहणाऱ्यांनी यात नाक खुपसू नये. आठवलं की अजून कान गरम होतात.

आता पुढचं वाच, आणि भाऊजींना वाचून दाखवू नकोस. बिल्डरने रहिवाशांना माहिती द्यायला सभा बोलावली. आम्ही घोषणा पाठ करून गेलो. दारातच एक गोड बोलणारी मुलगी कागद घेऊन बसलेली. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली. म्हणाली, "काका, इथे." ताई, चौतीस वर्षं मी ऑफिसात दुसरं काय केलं? हाताखालचे लोक फुली मारून फाइल आणायचे आणि मी फुलीवर सही ठोकायचो. फुली दिसली की माझा हात माझं ऐकत नाही. केली सही, चांगली लफ्फेदार, खाली दोन ठिपके देऊन. मागे रांग होती. खुद्द अध्यक्षांनीच केली म्हटल्यावर एकशे अकरा जणांनी चष्मासुद्धा न लावता केल्या. मग आत जाऊन आम्ही दीड तास घसा फोडला. त्यांचा चहा मात्र घेतला नाही हं! तत्त्व म्हणजे तत्त्व.

परवा महापालिकेत आमच्या हरकतींवर सुनावणी झाली, तिथे साहेबांनी तोच कागद मोठ्याने वाचला. पाणी, गटार, रस्ता याबाबत रहिवाशांचं पूर्ण समाधान झालं असून त्यांची काहीही हरकत नाही. साहेबांनी विचारलं, सही आपलीच का? नाही म्हणायला जीभ उचललीही होती, पण ते दोन मेले ठिपके! सही केलेल्यांना आता हरकत घेता येत नाही म्हणाले, आणि सुनावणी संपली.

बाकीच्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या, त्याचं काही नाही. पण तळमजल्यावरची शिंपीणबाई, जिच्या खोलीत गटाराचं पाणी सगळ्यात आधी शिरतं आणि लोकांचे कपडे उचलून पलंगावर ठेवता ठेवता जिची दमछाक होते, ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे बघून केली हो मी सही." ताई, मला रडू आलं. जिन्यातून तिच्या दारावरून जायची हिंमत होत नाही. दोन दिवस घरातच आहे.

तुझा,
(माजी अध्यक्ष) धाकटा

ता. क. सही न केलेला जागामालक सबंध बिल्डिंगमध्ये एकच उरला आहे, तो म्हणजे तू. लेखी हरकत पाठवायची मुदत मात्र शुक्रवारपर्यंत आहे. अर्ज सोबत जोडला आहे. हात जोडतो, पाठव.

ता. क. दुसरा. एका माणसाने न वाचता सही केली आणि त्याच्या भरवशावर बाकीच्यांनी केली, असं अर्जात स्पष्ट लिहावं लागेल. समितीच्या वकीलबाई म्हणतात, त्याशिवाय हरकत टिकायची नाही. माझा उल्लेख टाळ असं सांगणार होतो. पण नको, लिही.

ता. क. तिसरा. शेवटी एक रकाना आहे, त्या इसमाशी आपलं नातं काय. तिथे भाऊ लिहायचं की नुसतं शेजारी, ते तू ठरव. शेजारी लिहिलंस तरी मी वाईट वाटून घेणार नाही.