आईला ट्रकमध्ये चढवण्याविषयी

वॉर्नर बेंड, मिनेसोटा
२६ जून

प्रिय लीलंडदादा,

सादर नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मार्लीनवहिनींचं लोणच्याचं काम सुरू झालं का? दुलुथला उन्हाळा पोचला, की अजून शेकोटीच? आम्ही इथे ठणठणीत आहोत. ट्रकही ठणठणीत आहे (मागची फळी सोडून, तिच्याकडे मी येतोच).

दोन वर्षं पत्र नाही म्हणजे माया नाही, असं समजू नकोस. जुन्या लष्करी ट्रकवाल्यांच्या मेळाव्यातलं माझं भाषण तुझ्याविरुद्ध नव्हतंच. मी एवढंच म्हणालो की, जो माणूस दहा चाकांचा ट्रक कापून चार चाकांचा करतो, त्याला लाल रंग फासतो आणि सरबताचा पेला ठेवायला खाच पाडतो, तो उद्या रोमचे खांब उपटून त्यांवर कपडे वाळत घालील. नाव मी कुणाचंच घेतलं नाही. (सगळे तुझ्याकडे वळून बघायला लागले, त्याला मी काय करणार?) टाळ्यांच्या गजरात तू उठून गेलास हे मला कळलंच नाही. तू हॉटडिश भाजून आणलीस ते काचेचं भांडं मात्र इथेच राहिलं. हल्ली त्यात नटबोल्ट असतात.

आता आईचं. तुला ठाऊकच आहे, बाबा कोरियात असाच ट्रक चालवत होते आणि परत आल्यावर तुला एकदा बसवीन, असं आईला म्हणाले होते. ते राहून गेलं. आता तिनं हट्ट धरलाय: चार जुलैच्या मिरवणुकीत बाबांची टोपी घालून पुढे, चालकाच्या शेजारी बसायचं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तर म्हणाली, "पुढच्या वर्षी मीही मिरवणुकीत असेन रे एम्या, पण आडवी."

अडचण एकच. पायरी. लष्करानं ती विशीतल्या पोरांसाठी केली आहे, आणि आई अठ्ठ्याऐंशीची आहे. "लिल्याच्या ट्रकला जिना आहे म्हणे," ती म्हणाली. मी तिला शांतपणे (शेजाऱ्यांच्या मते शांतपणे नाही) समजावलं की इतिहासाला जिने लावायचे नसतात. एकदा एक बोल्ट बदलला की मग थांबायचं कुठे? लष्करानं कुणाला जिना दिला होता का? आई म्हणाली, "लष्करानं कुणाची आईही भरती केली नव्हती."

मग तत्त्व न सोडता मार्ग काढला. शेजारच्या हॅल्वर्सनच्या ट्रॅक्टरला पुढे माती उचलायचं जे फावडं आहे, त्यात बागेतली खुर्ची ठेवली, खुर्चीत आईला बसवलं आणि वर उचललं. ती दाराच्या उंचीला पोचते तोच हॅल्वर्सननं मला विचारलं की रोमन लोक एवढे मोठे दगड वर कसे चढवत असतील. आता असा प्रश्न अर्धवट सोडून कसं चालेल? माझं उत्तर संपेपर्यंत आई वरच होती. वरून तिचा एकच आवाज आला, "हॅल्वर्सन, तुझ्या छपराचे पत्रे गंजलेत, आणि माझा मुलगा अजून बोलतोय!" दारात फावडं शिरेना, तेव्हा शेवटी ती पुढे नाही, मागच्या हौद्यात उतरली.

तशीच तिला घेऊन रविवारी मिरवणुकीच्या तालमीला गेलो. तालीम असली तरी शिस्त ती शिस्त. दिव्यांचा खटका मी युद्धातल्या अंधाऱ्या कूचसाठी असतो तसा ठेवला होता. त्यात पुढचे मोठे दिवे बंद राहतात आणि ब्रेकचा दिवा काजव्याएवढा लागतो. भर दुपारी, बारा वाजता. माझ्या मागे चर्चच्या बायकांची, रुबार्ब घालून भाजलेल्या गोड पायची गाडी होती. चौकात मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत. फळी फुटली, पायच्या थाळ्या उडाल्या. मी बॉनेटवर उभा राहून सांगितलं की दोष माझा नाही, ताफ्यातलं अंतर न पाळणाऱ्या पिढीचा आहे. पाद्रींच्या पत्नी, मिसेस टॉलेफसन, चष्म्यावरचं रुबार्ब पुसत म्हणाल्या, "एमेट, शत्रूची विमानं येणार होती का?" लोक हसले. आई सगळ्यात जास्त हसली. तिच्या मांडीत पायची एक अख्खी थाळी पडली होती.

मिरवणूक समितीनं आता माझा ट्रक बाद केलाय. आईनं जाहीर केलंय की ती तुझ्या ट्रकमधून जाणार. जाऊ दे. मी मोठ्या मनाचा माणूस आहे. तू तिला घेऊन जा, मी फुटपाथवर उभा राहून टोपी काढीन. पण माझ्या ट्रकचा एकही बोल्ट बदलणार नाही, हे मी त्या दिवशी सांगितलं, आजही सांगतो आणि मरतानाही सांगीन.

तुझा,
एमेट

ता. क. तुझा जिना दुमडतो का? सहज विचारलं.

ता. क. दुमडत असेल तर बिजागरी कुठल्या बाजूला? त्याचं एक चित्र काढून पाठव. पाकिटावर ट्रकवाल्यांच्या मंडळातल्या कुणाला कळेल असं काही लिहू नकोस.

ता. क. समितीनं पुन्हा तपासायचं कबूल केलंय. दिव्यांचा खटका मी साध्यावर आणलाय. साधाही मूळचाच आहे, त्यात तत्त्व मोडत नाही.

ता. क. आईनं हे पत्र वाचलं. म्हणते, ट्रक कुठलाही चालेल, पण मधे मी आणि दोन्ही बाजूंना तुम्ही दोघं, नाहीतर मी घरीच बसते. तुझ्या ट्रकात पुढे तिघं मावत नाहीत, तिथे तू सरबत ठेवतोस. माझ्यात मावतात. तेव्हा जिना घेऊनच ये, शनिवारच्या आत. हिरवा रंगही आण, बोल्ट दिसता कामा नयेत. भोकं मी पाडून ठेवली आहेत.

तुझं भांडं घासलंय. वहिनींना सांग, ते रिकामं परत नेऊ नका, आधी इथे त्यात हॉटडिश होऊ दे.