सुनयनासाठी घेतलेला वॉकर

मी, दीपंकर आण्णाप्पा कोलकार, वय एकाहत्तर, बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाची बळजबरी नाही. याआधी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

१. माझं राहतं घर आणि मागची मोकळी जागा माझी एकुलती मुलगी सोनम हिला द्यावी. ती बेळगावात हायस्कूलला शिकवते. तिनं घर विकलं तरी चालेल. माझी आठवण म्हणून कुलूप लावून ठेवू नये.

२. बँकेतली ठेवही सोनमलाच. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावं. जेवणावळ घालू नये.

३. अवजारांची पेटी पुतण्या प्रशिक याला. त्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकासमोर मी ब्रेक तपासले म्हणून त्यानं दोन वर्षं अबोला धरला. ब्रेक ढिलेच होते. तरी पेटी त्यालाच, कारण पाना कसा धरायचा हे त्याला कळतं.

४. हे कलम मिळकतीचं नाही, पण याच्यासाठीच बाकीचं लिहायला बसलो.

माझी बायको सुनयना लहानपणापासून विड्या वळायची. तिला पार्किन्सन झाल्याचं आधी बोटांवर दिसलं. पान कापताना कात्री थरथरायला लागली. पुढं चालही बिघडली. दारापाशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच थांबायचे. बेळगावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या सौम्या मॅडम म्हणाल्या, "काठीनं भागणार नाही. उचलून ठेवायचा वॉकरही नको, उचलताना मागं पडतील. चार चाकांचा, ब्रेकवाला घ्या. दुकानात यांना सोबत न्या, चालवून बघा आणि मगच घ्या."

मी एकटाच गेलो. आयुष्य ब्रेक दुरुस्त करण्यात गेलेलं. चाकाचा भरवसा ब्रेकवर आणि ब्रेकचा हातावर. इथं हातच थरथरतोय, मग बाई चाकांबरोबर घसरत जाईल, असं मीच ठरवलं. बिनचाकांचा, चार पायांचा वॉकर घरी आणला.

सोनमनं फोनवर विचारलं, "आप्पा, चाकांचा का नाही घेतला?"

मी म्हणालो, "तुझ्या आईलाच नको वाटला. भ्याली ती."

सहाव्या आठवड्यात सुनयना स्वयंपाकघराच्या दारात मागं पडली. वॉकर उचलला होता, पाय हलले नव्हते. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. सात महिन्यांनी गेली.

त्या दिवशी सोनम आईच्या उशाशी बसून म्हणत होती, "आई, चाकांचा नको म्हणाली नसतीस तर..." मी शेजारीच होतो, गप्प राहिलो. पुढं एकदा ती मला म्हणाली, "आप्पा, मीच येऊन हट्ट धरायला पाहिजे होता." तेव्हाही गप्प राहिलो. मग तिच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून ती आली की मी काहीतरी खुसपट काढून भांडायचो. दीड वर्ष ती आली नाही. यात तिचा दोष नाही.

खरं असं आहे. सुनयनानं दवाखान्यात चाकांचा वॉकर चालवून बघितला होता. सोनम तेव्हा शाळेत होती. परत येताना बसमध्ये सुनयना म्हणाली, "त्योच घेऊया की वो. लई हलका हाय." मी म्हणालो, "बघू." मी दुसराच आणला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आणलाय न्हवं, ऱ्हाऊ दे."

तो वॉकर घरातच आहे. चांगला दिसतो म्हणून कोणा आजाऱ्याला देऊ नये. मोडीत घालावा.

५. वरील व्यवस्था माझा डेपोतला मित्र गुंडू तळवार यानं पाहावी. काल साक्षीच्या सहीसाठी बोलावलं तर त्यानं चौथं कलम दोनदा वाचलं आणि कागद खाली ठेवला. "मेल्यावर सांगून मोकळा हुणार व्हय रं? मग पोरीनं भांडायचं कुणाशी?" माझ्याच फोनवरून सोनमला फोन लावून त्यानं तो माझ्या हातात दिला.

६. सोनम आज सकाळी आली. चौथं कलम तिनं माझ्यासमोर वाचलं. मग तिनं विचारलं, "दवाखान्यात आई चाकांच्या वॉकरवर किती चालली?"

"एक्स-रेच्या खोलीपासनं लिफ्टपर्यंत. आणि परत."

"मध्ये दार होतं?"

"व्हय. तिथं थांबलीच न्हाय."

ती उठून मागच्या अंगणात गेली आणि मोठ्यानं रडली. मी जागेवरून उठलो नाही. तिनं मला माफ केलं असं ती म्हणालेली नाही, आणि तसा अर्थ या कागदातून कोणी काढू नये.

सोनमला मिळकत मिळणार असल्यानं साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. सही करताना ती आतल्या खोलीत आहे.

ठिकाण : निपाणी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) दीपंकर आण्णाप्पा कोलकार

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली :
१. गुंडू तळवार, निवृत्त कंडक्टर
२. वासंती शरच्चंद्र हेरेकर, शेजारी