सोडायचा शब्द

ता. ३, सोमवार

आले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक शिट्टी आणि ही वही. शाळेत बावीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झाले तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, आता आमच्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. मागच्या खोलीत ठेवायला मी काय जुनं शिलाई मशीन आहे? त्यापेक्षा हे काम झकास. सुटका करून आणलेली मोठमोठी कुत्री सांभाळायची, त्यांना माणसांत राहायला शिकवायचं आणि चांगलं घर बघून पाठवणी करायची.

घर गावाबाहेर, बैठं, ऐसपैस. पुढे एक लांबलचक खोली, ती शिकवणीची. मग स्वयंपाकघर, मागे फरसबंद अंगण आणि जाळीच्या दारांच्या पाच कोठड्या. संस्थेच्या डॉक्टरीणबाई तुरुतुरु चालत सगळं दाखवत होत्या. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात तागाची चटई आहे, तिला ‘जागा’ म्हणायचं. ‘जागा’ म्हटलं की कुत्र्याने तिथे जाऊन बसायचं आणि सोडायचा शब्द ऐकेपर्यंत उठायचं नाही. ज्याने बसवलं त्यानेच सोडायचं आणि चटईवर एका वेळी एकच, हे इथले दोन नियम. आधीच्या बाईंनी घालून दिलेले. त्या कुठे गेल्या विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्यांचं काम सुटलं, आणि लगेच औषधांचं कपाट दाखवायला लागल्या.

माझा सोडायचा शब्द ठरला: विश्राम! बावीस वर्षं जिभेवर आहे, नवा कशाला शोधू?

पाहुणे तीन. मावशी ही ग्रेट डेन, वयस्कर, आल्यागेल्याला नीट हुंगून मगच पास करणारी. हवालदार हा शेफर्ड, काठी दिली तर चौकात उभा राहील. आणि डोंगर. मास्टिफ, वजन बहात्तर किलो, तीन वर्षं कुठल्याशा गोदामात साखळीला होता. दोन घरांनी नेला आणि दोघांनीही परत आणून सोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा परत आला तर संस्था त्याला पुन्हा घेऊ शकणार नाही. मग काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे लिहिताना तो माझ्या पायावर डोकं टेकून घोरतोय. पायाला मुंग्या आल्यात. येऊ देत.

ता. ५, बुधवार

कमरेला उकडलेल्या काळजाच्या तुकड्यांची पिशवी बांधून दिवसभर फिरते. अंगाला असा वास येतोय की धाकटीने ओळख दाखवली नसती. मावशी एका सकाळीत सगळं शिकली. डोंगरला पट्टा दिसला की तो जमिनीला चिकटतो, म्हणून आज पट्टा नुसता शेजारी ठेवून त्याला खायला घातलं. घाई नाही. तालमीत पहिल्या दिवशी कोणी कुस्ती मारत नाही.

मटणवाला आठवड्यातून दोनदा हाडं आणतो. पिशवी फाटकाला अडकवतो, आत पाय टाकत नाही. कुत्र्यांना घाबरतो का विचारलं तर म्हणाला, कुत्र्यांना कशाला घाबरू पीटीबाई, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून आधीच्या बाईंचा तक्ता चिकटवलेला सापडला. डावीकडे कुत्र्यांची नावं, पुढे चटईवर बसवल्याची मिनिटं: पाच, दहा, वीस, चाळीस, दर वेळी दुप्पट. शेवटचा रकाना ‘पूर्ण’. सगळ्यांत खाली ‘बाळ’ नावाचा कोणी होता, त्याचे सगळे रकाने भरलेत, ‘पूर्ण’सुद्धा. अक्षर मोत्यासारखं. सोडायचा शब्द मात्र बाईंनी कुठेच लिहून ठेवलेला नाही.

दुपारी चहा ओतून पुढच्या खोलीत गेले, कशासाठी ते विसरले, पाचेक मिनिटं तशीच उभी राहिले. चहा गार. वय झालं, दुसरं काय!

ता. ८, शनिवार

मावशी सासरी गेली. निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको, दोघंही तिच्याएवढेच सावकाश. गाडीत बसताना तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिकवणी चांगली झाल्याची खूण तीच, म्हणून मी रडले नाही. थोडी रडले.

एक गंमत. साडेतीनला डोंगर आपणहून पुढच्या खोलीत गेला आणि चटईवर बसला. मी ‘जागा’ म्हटलंच नव्हतं. समोर कोणी नव्हतं, तरी माणसाचा चेहरा असेल तेवढ्या उंचीवर त्याची नजर लागलेली. मी ‘विश्राम’ म्हटलं. कान हलला, बूड हललं नाही. बरोबर वीस मिनिटांनी उठला आणि कोणीतरी काही भरवल्यासारखं ओठ चाटत माझ्याकडे आला.

मग दूध तापत ठेवलं आणि उतू घालवलं. शेगडीपाशी नव्हते. पुढच्या खोलीत होते. दहा मिनिटं काय करत होते तिथे?

ता. ११, मंगळवार

डोंगर आज चाळीस मिनिटं बसला. हवालदार त्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहून गुरगुरला, आत काही येईना.

कपाट उघडलं. तक्त्यावर ‘बाळ’च्या खाली नवं नाव: ‘डोंगर’. त्यापुढे २० आणि ४०. तेच मोत्यासारखं अक्षर. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुम्ही आल्यापासून मी तिकडे फिरकलेच नाही.

मी घाबरले का? घाबरले. मग ठेवणीतलं लाल पेन काढलं, त्या ओळीवर भलामोठा भोपळा काढला आणि खाली शेरा लिहिला: ‘परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वर्गात शिकवू नये.’

ता. १४, शुक्रवार

हवालदार मार्गी लागला. त्याला मोठं आवार मिळालंय, पहारा करायला एक फाटकही.

डोंगरला बघायला रोपवाटिकेवाले बापलेक आले. मुलगी दहा वर्षांची, तोंड एक मिनिट बंद नाही. तिने डोंगरशेजारी फतकल मारली आणि त्याला आपल्या कुंड्यांतल्या रोपांची नावं सांगत बसली. पंधरा मिनिटांनी पट्टा तिच्या हातात आणि डोंगर तिच्या मागोमाग अंगणभर. माझा विश्वासच बसेना. बाप म्हणाला, रविवारी, तेवीस तारखेला सकाळी दहाला गाडी घेऊन येतो. फक्त एवढंच म्हणाला की आधीची दोन घरं ऐकून आहे, त्या दिवशी तो खुशीने चालत आला तरच नेणार. ओढून नेणार नाही. शहाणा माणूस.

ते गेले आणि साडेतीन वाजले. ऐंशी मिनिटं. मी त्याच्यासमोर उभी राहिले, त्याला ओढलं, काळीज नाकाशी धरलं. तो माझ्या आरपार बघत होता. शेवटी मी हवेलाच झापलं. म्हटलं, बाई, तुमची नोकरी संपली. आता हा वर्ग माझा. माझ्या पोराला हात लावलात तर याद राखा.

ता. १७, सोमवार

चटई अंगणात नेऊन जाळली. तो उघड्या फरशीवर बसला. त्याच जागी. एकशेसाठ मिनिटं.

मटणवाल्याला फाटकावर गाठलं आणि सायकलचं हँडल धरून ठेवलं. तेव्हा बोलला. आधीच्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी बाळला चटईवर बसवलं आणि टाकीचा नळ बंद करायला गच्चीवर गेल्या. तिथेच हृदय बंद पडलं. चौथ्या दिवशी कळलं. मधल्या दिवसांत ह्याने खिडकीतून बाळला पाहिलं होतं. हाका मारल्या, हाड दाखवलं. तो उठला नाही. बाई आत असतील असं समजून हा निघून गेला. दार फोडलं तेव्हा बाळ भिंतीला टेकून बसलेला होता. मेलेला. पाण्याचं भांडं तीन हातांवर, भरलेलं. सांगताना मटणवाल्याला रडू आलं. म्हणाला, शब्द माहीत असता तर मी म्हटला असता हो.

डॉक्टरीणबाईंना फोनवर धारेवर धरलं. त्यांनी कबूल केलं. म्हणाल्या, दुसऱ्यांनी आपली कुत्री उठवू नयेत म्हणून बाईंनी शब्द कुणालाच सांगितला नव्हता, त्यांना फार अभिमान होता त्याचा. डोंगरला तुमच्याकडे न्या म्हटलं, तर म्हणाल्या, दवाखान्यात साथ आलीय, बाहेरचं कुत्रं आत घेतलं तर मरेल.

रोपवाटिकेवाले तेवीसपर्यंत परगावी, म्हणजे रविवारपर्यंत आम्ही दोघं. ठीक. मी काही मैदान सोडून पळणारी नव्हे.

ता. १९, बुधवार

डोंगर सकाळपासून बसलेला. तीनशेवीस. त्यानंतर अंगणात गेला, हाड चघळत बसला, शेपटीसुद्धा हलवली.

मी दार लावायला पुढच्या खोलीत गेले. आवाज ऐकला. ‘जागा.’ शांत, मायाळू. रागावलेला असता तर बरं झालं असतं.

भानावर आले तेव्हा कोपऱ्यात बसले होते. मांडी घालून, नजर वर. चाळीस मिनिटं गेलेली.

तक्ता पाहिला. ‘डोंगर’च्या खाली एक ओळ आहे. माझ्या लाल शेऱ्याच्या अक्षरांआड गेल्याने मला दिसली नव्हती. ‘नव्या बाई’: ५, १०, २०, ४०.

पाच म्हणजे तो चहा. दहा म्हणजे ते दूध. वीस कधी? मला आठवतच नाही.

ता. २०, गुरुवार

धाकटीचा फोन. आवाजावरून तिने ओळखलं. म्हणाली, निघून ये. म्हटलं, रविवारनंतर. ती म्हणाली, तू ऐकणारी नाहीस, पुढच्या गुरुवारी मीच येते तुझं बखोटं धरायला. ये म्हटलं. बरं वाटलं.

तक्ता फाडला. खाली लाकडावर तीच पेन्सिल, तेच आकडे.

ता. २१, शुक्रवार

सहाशेचाळीस. सकाळी सात ते संध्याकाळ. भांडं तोंडाशी धरलं. पाणी ओठांवरून ओघळून गेलं. डोळ्यांतून मात्र तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे आतमध्ये तो आहे. मला ओळखतोय.

पुढचा रकाना ‘पूर्ण’ —

ता. २२, शनिवार

नऊला बसला. अजून बसलाय.

जगातले सगळे शब्द म्हणून पाहिले. चल. ऊठ. जा. सुट्टी. ये रे बाळा. शिट्टी फुंकून छाती दुखली.

नाही देणार. ऐकतेस का, बाई? नाही देणार मी हा —

ता. २३, रविवार

सकाळी नऊ. चोवीस तास झाले. जीभ सुकलीय. मान भिंतीकडे कलायला लागलीय. दहाला गाडी. असा दिसला तर बाप नेणार नाही, आणि नेला नाही तर हा इथेच —

साडेनऊ. सुचलं! चटईवर एका वेळी एकच. बुधवारी मी बसले होते तेव्हा हा अंगणात हाड चघळत होता. मी कोपऱ्यात अडकते तेव्हा हा मोकळा असतो. तिला बसलेलं कोणीतरी हवंय ना? मी बसते. आपणहून. ज्याने बसवलं त्यानेच सोडायचं, नियम तुझाच, बाई. मला मी बसवणार आणि मीच सोडणार. ‘विश्राम’ म्हणेन आणि उठेन. वही खिशात, पेन आहे. चला.

दहा वाजून वीस. जमलं!! त्याच्या शेजारी घुसून बसले आणि तो उठला. पाय लटपटले, पण उठला. भांड्यातलं अर्धं पाणी पिऊन गेला. दारातून पोरीची हाक आली. डोंगर चालत गेला, खुशीने, आपल्या पायांनी. उंबऱ्यावरून दोनदा वळून पाहिलं. मी ओरडले, जा, लबाडा! बाप विचारत होता, निरोप द्यायला येताय ना? म्हटलं, पाय मुरगळलाय, निघा तुम्ही. खरं सांगितलं असतं तर ते आत आले असते आणि मागोमाग तोही.

गाडी गेली. वळणापर्यंत आवाज ऐकला. जिंकले मी.

अकरा. ‘विश्राम’ म्हटलं. बूड हललं नाही. पुन्हा म्हटलं. मैदानावर म्हणायचे तसं.

दुपार. फोन स्वयंपाकघरात वाजतोय. धाकटी असेल. आज रविवार. ती येणार गुरुवारी. सोम, मंगळ, बुध —

बसले तेव्हा मी काही बोलले नव्हते. मग ‘जागा’ कोण म्हणालं? मी बसल्यावर ऐकलं. की ऐकलं म्हणून बसले —

काही फरक पडत नाही. तो गेला. तुझ्या तक्त्यातून गेला, कुंड्यांमध्ये लोळत असेल, तुला मिळणार नाही आता. आणि मी बाळ नाही. बावीस वर्षं हजारो पोरं माझ्या आवाजावर उठली. माझ्या.

भांडं तीन हातांवर. अर्धं आहे अजून.

बघ हं. आता म्हणते. पोटातून म्हणते. विश्रा