तारखेच्या रकान्यात शून्य

फुलपाडा, विरार (पूर्व)
१२ डिसेंबर

प्रिय हितेश,

अक्षर ओळखलं असशील. पाच वर्षांत ते फारसं बदललेलं नाही, फक्त बारीक झालंय, केसपेपरच्या रकान्यात मावेल एवढं. पुण्याचा पत्ता स्वप्नावहिनींनी दिला, काही न विचारता. फोन करता आला असता. पण फोनवर मी हे अर्ध्यात सोडलं असतं. मुख्य ते आधी लिहिते. तुझे नाना महिनाभर आमच्या हॉस्पिटलात आहेत. हे मानसिक आजारांचं हॉस्पिटल आहे. महिनाअखेरीला त्यांना इथून भिवंडीजवळच्या एका वृद्धाश्रमात हलवायचं ठरलंय, कायमचं. भूपेशदादाने तुला किती कळवलंय मला माहीत नाही. बहुधा 'नाना हल्ली विसरतात' एवढंच कळवलं असेल.

माझं म्हणशील तर डॉक्टरेटचं शेवटचं वर्ष आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीत हे वर्ष हॉस्पिटलात काढावं लागतं. सकाळी नवीन पेशंटची हकिकत लिहून घ्यायची, दुपारी चाचण्या, मग वॉर्डात अर्धा तास पेशंटांचा गट बोलायला बसवायचा, संध्याकाळी रिपोर्ट. लॉगबुकात ठरलेल्या केसेस भरल्या नाहीत तर वर्ष पुरं होत नाही. डबा मी जिन्यात बसून खाते, कारण खोलीत बसलं की कुणी ना कुणी हाक मारतं. अर्नाळ्याच्या एक बाई आहेत. त्या वॉर्डातल्या दोरीवर हातरुमाल बोंबलांसारखे एकेक अडकवतात आणि ऊन गेलं की काढून घेतात. तेवढा वेळ त्या बऱ्या असतात. मला त्यांचा हेवा वाटतो. थकवा हा शब्द आम्ही दिवसाला वीस वेळा लिहितो, दुसऱ्यांच्या नावापुढे. तुला आठवत असेल, मी म्हणायचे की मला माणसांचं ऐकायचंय. आता ऐकते. पण एका माणसासाठी चाळीस मिनिटं असतात आणि त्यातली पंधरा फॉर्मला जातात.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भूपेशदादा नानांना घेऊन आला. आपण भेटायचो त्या वर्षांत तो सुरतेला होता, त्याने मला कधी पाहिलं नव्हतं. तक्रार अशी, की वडील न सांगता घराबाहेर पडतात, कधी दुपारी, कधी पहाटे, आणि गुडघाभर चिखल घेऊन परततात. एकदा घसरले, कोपर सोलवटलं. सोसायटीत लोक बोलतात. त्याची खुशी लहान आहे, वहिनींची नोकरी आहे. दादा वाईट माणूस नाही, हितेश. तो दमलेला होता. मीही दमलेली होते. त्या दिवसातली ती माझी तिसरी चाचणी.

चाचणी तीस गुणांची. पहिले प्रश्न काळाचे. मी विचारलं, आज तारीख कुठली? नाना खिडकीकडे बघून म्हणाले, "तारीख नाय ठावं. सप्तमी हाय आज. भांगाचं पानी, सव्वापाचला भरेल." महिना विचारला तर "कार्तिक." साल विचारलं तर म्हणाले, "तुमच्या कागदावर लिवलेलं आसंल की." भांग म्हणजे अष्टमीच्या आगेमागे येणारी कमजोर भरती, हे मला कुणी समजावायला नको होतं. मी खाडीकाठचीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे माझ्या आजीने मला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. सातची पाऊणपट सव्वापाच. नानांचं उत्तर मिनिटाला धरून बरोबर होतं. आमचा नियमही असा, की पेशंटचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं, गुण नंतर. मी लिहिलं, 'असंबद्ध उत्तर'. तारखेच्या रकान्यात शून्य, महिन्याला शून्य, सालाला शून्य. एकूण सतरा. रिपोर्टात मी लिहिलं की काळाचं भान उरलेलं नाही, मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश संभवतो. स्कॅनमध्ये मेंदूची थोडी झीज दिसली. सत्तरीच्या पुढे ती पुष्कळांत दिसते. पण माझ्या कागदाशी ती जुळली, आणि दोन कागद जुळले की इथे तिसरा कुणी मागत नाही. नानांना बंद वॉर्डात घेतलं.

ते शून्य मी मुद्दाम दिलं नाही. मला वाईट याचंच वाटतं. मुद्दाम दिलं असतं तर त्यामागे निदान काही विचार असता. फॉर्मवर इंग्रजी तारखेसाठी जागा होती, सप्तमीसाठी नव्हती. घरी जे मला ठाऊक असतं ते मी रोज सकाळी कोट चढवताना घरीच ठेवून येते. हे शिकायला मला सात वर्षं लागली आणि माझे शिक्षक त्याबद्दल माझं कौतुक करतात.

दहा दिवसांपूर्वी मी त्यांची फाइल लावत होते. त्यात भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान होतं. इथे आणण्याआधी घरच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं, की नाना बाहेर पडले की त्या दिवशीच्या चौकोनात वेळ लिहा. वहिनींनी न चुकता लिहिलेलं होतं. खाली डॉक्टरांचा शेरा, 'वेळेत काही सूत्र नाही'. त्याच चौकोनांत तिथ्या छापलेल्या होत्या. तृतीयेला सव्वा एक. चतुर्थीला दोन. पंचमीला पावणेतीन. षष्ठीला साडेतीन. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, पण रोज पाऊण तास पुढे. मी पेन्सिलीने प्रत्येक वेळेत एक तास मिळवत गेले आणि भरतीचं कोष्टक तयार झालं. तुझे नाना महिनाभर रोज भरतीच्या एक तास आधी घराबाहेर पडत होते. भान गेलेल्या माणसाला हे जमत नाही. मला तरी जमलं नसतं. मी घड्याळ लावूनही उशिरा पोचते.

रविवारी तुमच्या गल्लीत गेले. तू ओळखणार नाहीस. भाताची खाचरं भराव टाकून बुजवलीत, तिथे चार इमारती. बांध थोडासा उरलाय, त्यावर गाड्या लावतात. पण उघाडी आहे. दोन दगडी खांब आणि मधली खाच, जिच्यात फळी सोडून तुम्ही खाडीचं पाणी शेतात येऊ द्यायचा नाहीत. आता तिच्यातून नाला जातो. फळी बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली. तळमजल्यावरच्या हिल्डाबाई धुणं वाळत घालत होत्या. मला म्युन्सिपालटीची समजून त्यांनी सुरुवात केली, "आता आलात? पुनवेला पाणी आमच्या जिन्यापर्यंत आलं ना! तो म्हातारा होता तवर कधी आलं नाय. येऊन फळी टाकायचा, ओहोटी लागली की काढायला परत यायचा. आम्ही हसायचो त्याला, मोठा इंजिनिअर म्हणायचो. कुठं नेऊन ठेवलात त्याला?" मी म्हटलं, दवाखान्यात. त्या म्हणाल्या, "पाय मोडला काय?" मी नाही म्हटलं. त्यांनी मला चहा दिला. मी तो उभ्यानेच प्यायले.

सोमवारी मी मनोरमा मॅडमना सगळं सांगितलं. त्या माझ्या सुपरव्हायजर. रिपोर्टावर माझ्या सहीखाली त्यांची सही आहे. त्यांनी पान दोनदा पाहिलं, मग बोटांवर पाऊणपट करून पाहिली. म्हणाल्या, "दमलेल्या माणसाने चाचणी घेऊ नये, हे तुला कुणी सांगितलं नाही?" मग त्याच म्हणाल्या, "आणि दमलेल्या माणसाने सही करू नये, हे मला." माझा रिपोर्ट त्यांनी रद्द करायला घेतला. चाचणी पुन्हा दुसऱ्या कुणी घ्यायची, नानांच्या बोलीत, तिथीचं उत्तर धरून. भूपेशदादाला बोलावलं तर तो चिडला. "कागद तुमचा, सही तुमची, आणि आता तुम्हीच फिरवता? उद्या परत म्हणाल ते वेडेच आहेत. मी आश्रमात नाव घालून बसलोय." त्याचं काय चुकलं? आमच्या पहिल्या कागदावर त्याने विश्वास ठेवला, दुसऱ्यावर ठेवायला तो तयार नाही. नानांचा प्रतिनिधी म्हणून सही त्याची आहे, आणि ती बदलत नाही तोवर नाना जाणार ते वृद्धाश्रमातच.

एक गोष्ट मी मॅडमना सगळ्यात शेवटी सांगितली. फॉर्मच्या वर एक रकाना असतो, 'रुग्णाशी पूर्वओळख'. ओळख असेल तर ती केस घ्यायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. मी तिथे 'नाही' लिहिलं होतं. महिन्याच्या केसेस भरायच्या होत्या हे एक कारण. दुसरं असं, की 'हो' लिहिलं असतं तर पुढे 'कशी ओळख' म्हणून एक ओळ सोडलेली असते. त्या ओळीत काय लिहायचं? ज्यांच्या घरी मी दोन वर्षं जात होते, ज्यांनी मला बांधावरून चालताना पाय कसा टाकायचा ते दाखवलं, ज्यांच्या मुलाशी माझं लग्न होईल असं दोन्ही घरांनी धरून ठेवलं होतं आणि मग कुणी काही बोललं नाही. आपण भांडलोसुद्धा नाही, हितेश. तू पुण्याला गेलास, मी परीक्षेला बसले, फोन आठवड्याचे महिन्याचे झाले. याला काय ओळख म्हणतात, मला ठरवता आलं नाही. 'नाही' लिहिणं सोपं होतं. यामुळे माझी इंटर्नशिप सहा महिने लांबेल. ते योग्य आहे. झोप पुरेशी मिळाली तर मी त्यावर जास्त विचार करीन.

नानांनी मला पहिल्याच मिनिटाला ओळखलं होतं. हे परवा कळलं. मी परक्यासारखी वागले, म्हणून तेही परक्यासारखे वागले. पूर्ण चाचणीभर मला 'डाक्टरबाई' म्हणत राहिले. परवा वॉर्डात मी त्यांची माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुला कामावर लाज वाटत आसंल आमच्या ओळखीची. म्हटलं ऱ्हाऊ दे, पोरीची नोकरी हाय." मी सांगितलं की लाज नव्हती, नाना. त्यांनी "बरं बरं" म्हटलं, आपण लहान मुलांना म्हणतो तसं. तुला हे सगळं लिहू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही. म्हणाले, "लिव. पन तो येनार नाय. त्याला सुट्टी नसते." चाचणीत शेवटी एक वाक्य लिहायला सांगतात, मनात येईल ते. चौथी शिकलेल्या माणसाला ते जड जातं, बरेच जण नुसतं नाव लिहितात. नानांनी वेळ घेऊन लिहिलं, 'माझा धाकटा मुलगा पुण्यास असतो.' वाक्यात कर्ता आणि क्रियापद असलं की एक गुण. तो मी दिला होता.

आता हे पत्र कशासाठी, ते. आपला प्रतिनिधी कोण हे सांगायचा हक्क कायद्याने पेशंटचा असतो. मॅडमनी नानांना तो समजावून सांगितला. त्यांनी तुझं नाव सांगितलं. त्यासाठी तुला इथे येऊन सही करावी लागेल. चाचणी गुरुवारी, अठरा तारखेला सकाळी अकराला आहे. ती पापडीची एलिना घेणार आहे, माझ्याबरोबरची, तिचे आजोबाही शेतकरी होते. निकाल काय येईल ते मला सांगता येणार नाही. नाना थोडे विसरत असतीलही. पण थोडा विसरणारा माणूस घरी राहू शकतो, घरात कुणी त्याच्या बाजूने बोललं तर. तुला आतापर्यंत कुणी ते विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारतेय. मला एवढंच मागायचं आहे आणि मागायचा हक्क माझा नाही, हेही मला कळतं. ओळखीचा रकाना मी दुरुस्त केला आहे. 'हो' लिहिलं, पुढची ओळ मॅडमनी कोरी राहू दिली. अठरा तारखेला मी रजा टाकली आहे. दिवसभर मी हॉस्पिटलात नसेन, स्टेशनवर नसेन, तुमच्या गल्लीतही नसेन. माझ्याशी गाठ पडेल म्हणून येणं टाळू नकोस.

हाताला जुनी सवय आहे, म्हणून शेवटचा शब्द खोडत नाही.

तुझीच,
दिपिका